स्नानगृहातील भिंत-फरशीकाम : पृष्ठाची पूर्वतयारी

स्नानगृहात फवाऱ्याभोवतीच्या भिंतींवर झिलईदार वा काचीभूत फरश्या बसविण्यापूर्वी त्या भिंती ओळंब्यात, एका पातळीत, काटकोनात, घट्ट आणि जलाभेद्य करून घेण्याच्या कामांस पृष्ठाची पूर्वतयारी म्हणतात. फरशी स्वतः पाणी शोषत नाही किंवा फारच थोडे शोषते. त्यामुळे फरशी लावली की भिंत पाण्यापासून सुरक्षित झाली, असा सर्वसाधारण समज आहे. तो बरोबर नाही. दोन फरश्यांमधील दर्जांतून, नळाच्या छिद्रांतून आणि कोपऱ्यांतून पाणी आत जातच असते. आत गेलेले पाणी अडविणे आणि फरशीचा भार वर्षानुवर्षे धरून ठेवणे ही दोन्ही कामे फरशीमागील थरांना करावी लागतात. हे थर एकदा झाकले गेले म्हणजे फरशी फोडल्याशिवाय दुरुस्त करता येत नाहीत. म्हणून या कामात दिसणाऱ्या भागापेक्षा न दिसणाऱ्या भागाचे महत्त्व अधिक आहे.

पुण्यातील पार्श्वभूमी : पुण्याच्या जुन्या वाड्यांत स्नानासाठी न्हाणी किंवा मोरी असे. तिची जमीन व भिंतीचा खालचा थोडा भाग घडीव दगडाचा किंवा शहाबादी फरशीचा असून बंबातील ऊन पाणी घंगाळात वा बादलीत घेऊन बसून स्नान करण्याची पद्धत होती. पाणी फार वर उडत नसे. वाड्यांचे जोते काळ्या दगडाचे आणि वरच्या भिंती बहुधा लाकडी सांगाड्यात मातीत रचलेल्या पक्क्या वा कच्च्या विटांच्या असत. त्यांना वरून सतत पाणी लागणे परवडणारे नव्हते आणि त्याची गरजही नव्हती. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत धरण फुटून आलेल्या पुरात नदीकाठच्या पेठांतील अशी असंख्य घरे पडली. मातीत बांधलेली भिंत पाण्यापुढे किती दुर्बळ असते, हे त्या वेळी शहराने पाहिले.

त्यानंतरच्या दशकांत वाड्यांच्या जागी सिमेंट-काँक्रीटच्या सांगाड्याच्या, सदनिकांच्या इमारती येत गेल्या. स्नानगृहे लहान झाली, एकावर एक आली आणि शेजारच्या खोलीला लागून आली. ब्रिटनमधील उद्योगाच्या सहकार्याने १९५८ मध्ये स्थापन झालेल्या एच. अँड आर. जॉन्सन (इंडिया) या कंपनीसारख्या उत्पादकांमुळे झिलईदार फरश्या देशात तयार होऊ लागल्या व मध्यमवर्गीय घरांत आल्या. प्रारंभी १५ सेंमी. चौरस पांढऱ्या फरश्यांची सु. ९० सेंमी. उंचीची पट्टी पुरेशी मानली जाई. गवंडी तिला डॅडो म्हणतात. फवाऱ्याखाली उभे राहून स्नान करण्याची सवय वाढली, तशी ही पट्टी दाराच्या चौकटीपर्यंत आणि पुढे छतापर्यंत गेली. फरश्यांचे आकारही वाढून ३० × ६० सेंमी., ६० × ६० सेंमी. आणि ६० × १२० सेंमी. असे झाले. ९ मिमी. जाडीच्या ६० × १२० सेंमी. मापाच्या एका काचीभूत फरशीचे वजन सु. १५ किग्रॅ. भरते.

या बदलाचा एक परिणाम भिंतीच्या तयारीवर झाला. भिंतीला सौम्य बाक असल्यास त्यावर टेकविलेल्या सपाट फरशीखाली राहणारी पोकळी फरशीच्या लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ज्या बाकावर १५ सेंमी. लांबीच्या फरशीखाली पाव मिमी. अंतर राहते, त्याच बाकावर ६० सेंमी. लांबीच्या फरशीखाली ४ मिमी. अंतर राहते. लहान फरश्या भिंतीचा बाक सांभाळून घेत. मोठ्या फरश्या तो उघड करतात. पूर्वी चालून गेलेली भिंत हल्ली चालत नाही, याचे कारण गवंड्याच्या कौशल्यापेक्षा या भूमितीत आहे.

भिंतींचे प्रकार : पूर्वतयारी भिंतीच्या द्रव्यावर अवलंबून असल्यामुळे ते प्रथम ओळखणे आवश्यक असते.

(१) काळ्या दगडाची भिंत. पुण्याच्या परिसरात बेसाल्ट खडक विपुल असल्याने जुने बंगले व चाळी यांच्या बाह्य भिंती बहुधा दगडी आहेत. दगड घट्ट व जवळजवळ निर्जलशोषी असतो, पण त्याचे पृष्ठ खडबडीत व दर्जा रुंद असतात. अशा भिंतीवर गिलाव्याची जाडी एकाच भिंतीत कोठे १२, तर कोठे ४० मिमी. होऊ शकते.

(२) विटांची भिंत. भाजलेल्या विटांच्या लांबी-रुंदीत फरक असतो. गवंडी ज्या बाजूला दोरी लावतो, ती बाजू सरळ येते आणि विटांच्या मापांतील सर्व फरक दुसऱ्या बाजूवर जमा होतो. स्नानगृहाकडील बाजू ही पुष्कळदा अशी ‘मागची’ बाजू असते.

(३) काँक्रीटचे स्तंभ व तुळया. साच्याच्या तेलामुळे यांचे पृष्ठ गुळगुळीत असून गिलावा नीट धरत नाही. शिवाय स्तंभ आणि वीटकाम यांचे आकुंचन-प्रसरण निरनिराळे असल्यामुळे दोहोंच्या सांध्यावर उभी भेग पडते.

(४) वायुयुक्त हलक्या काँक्रीटचे ठोकळे. १९७० नंतरच्या दशकात पुण्यातच ‘सिपोरेक्स’ या नावाने यांचे उत्पादन सुरू झाले आणि पुढे त्यांचा प्रसार बराच झाला. घनता सु. ५५० ते ६५० किग्रॅ. प्रती घमी. असल्याने ते हलके असतात. परंतु पाणी झपाट्याने शोषतात आणि त्यांचे पृष्ठ मऊ असते. त्यांवर फार कडक, सिमेंट जास्त असलेला गिलावा केल्यास तो आकसताना ठोकळ्याचा पापुद्रा घेऊन सुटतो.

(५) मातीच्या भिंती. दुरुस्त करून वापरात असलेल्या वाड्यांत अशा भिंतींवर थेट सिमेंटचा गिलावा करू नये. सिमेंट ओल कोंडून ठेवते. मातीतील ओल बाहेर पडू शकत नाही आणि आतील भिंत मऊ होऊन गिलावा ढालीसारखा सुटा होतो. तेथे भिंतीपासून थोडे अंतर सोडून धातूच्या चौकटीवर सिमेंटचे तक्ते बसवून स्वतंत्र पृष्ठ उभारणे व मूळ भिंतीस हवा खेळती ठेवणे हा सुरक्षित मार्ग होय.

असमतलतेची कारणे : बांधकामातील दोरीची चूक, विटांच्या मापांतील फरक, साचा फुगल्याने स्तंभास आलेला फुगवटा, जुन्या गिलाव्यावर पुनःपुन्हा केलेली ठिगळे, नळासाठी खोदलेल्या खाचा ओबडधोबड भरणे आणि जुनी फरशी काढताना निघालेले खड्डे ही नेहमीची कारणे आहेत. याखेरीज पुण्याच्या काही भागांतील काळी माती पावसाळ्यात फुगते व उन्हाळ्यात आकसते. उथळ पायाच्या जुन्या घरांत त्यामुळे भिंती कलतात व तिरक्या भेगा पडतात. अशा हलत्या भेगा गिलाव्याने झाकणे हा उपाय नव्हे. भेगेच्या दोन्ही बाजूंना खुणा करून काही महिने अंतर मोजावे. ते वाढत असल्यास आधी स्थापत्य अभियंत्याचा सल्ला घ्यावा.

तपासणी : यासाठी लागणारी साधने साधी आहेत : ओळंबा, पाणसळ, पारदर्शक नळीतील पाण्याची पातळी, दोन मीटर लांबीची ॲल्युमिनियमची सरळ पट्टी, गुण्या, दोरी आणि मोजपट्टी. पट्टी भिंतीवर उभी, आडवी व दोन्ही कर्णांच्या दिशांनी फिरवून तिच्याखालील फट मोजतात व भिंतीवरच खडूने आकडे लिहितात. आसंजकाच्या पातळ थरावर फरशी बसवायची असल्यास दोन मीटरच्या पट्टीखाली ३ मिमी.पेक्षा अधिक फट नसावी, हे प्रमाण सामान्यतः मान्य आहे.

कोपरा काटकोनात आहे की नाही हे पाहण्यासाठी एका भिंतीवर कोपऱ्यापासून ९० सेंमी. व दुसरीवर १२० सेंमी. अंतरावर खूण करतात. दोन खुणांमधील सरळ अंतर १५० सेंमी. भरल्यास कोन काटकोन असतो. हे माप जमिनीजवळ, मध्यावर व फवाऱ्याच्या उंचीवर असे तीन वेळा घ्यावे. कारण खाली काटकोन असलेला कोपरा वर तसाच असेल असे नाही. कोन चुकला असल्यास कोपऱ्यातील कापलेल्या फरशीची रुंदी खालून वर कमी-जास्त होत जाते आणि तो दोष कायम डोळ्यांत भरतो.

यानंतर लाकडी दांड्याने किंवा हातोडीने भिंत हळूहळू ठोकून पाहतात. भरीव आवाज आल्यास गिलावा भिंतीस धरून आहे; पोकळ वाजल्यास तेवढा भाग काढलाच पाहिजे. पांढरा लोणा, फुगलेला रंग किंवा काळसर डाग दिसल्यास ओलीचा उगम आधी शोधावा लागतो. ती वरच्या मजल्यावरून, भिंतीतील नळातून, बाहेरील भेगेतून अथवा जमिनीतून केशाकर्षणाने आलेली असू शकते. पुण्यात पावसाळ्यात दिसणारी आणि मे महिन्यात नाहीशी होणारी ओल बहुधा बाहेरून आलेली असते; बाराही महिने टिकणारी ओल बहुधा नळाची वा वरच्या स्नानगृहाची असते. ओलीचा उगम बंद न करता वरून जलाभेद्य लेप दिल्यास लेप फुगून सुटतो.

जाडीचा हिशेब : किती गिलावा लागेल हे नजरेने ठरविणे चुकीचे आहे. उदाहरणार्थ, छताजवळ खिळा ठोकून सोडलेल्या ओळंब्याच्या दोरीपासून भिंतीचे अंतर वर ३०, मध्यावर १८ व खाली ३४ मिमी. भरले, असे समजू. मध्यावर फुगवटा आहे. तेथे गिलाव्याची किमान जाडी १० मिमी. ठेवावयाची झाल्यास तयार पृष्ठ दोरीपासून ८ मिमी.वर येईल आणि वर २२, तर खाली २६ मिमी. जाडी द्यावी लागेल. ही जाडी एका थरात देता येत नाही. परंतु मधला फुगवटा जुन्या गिलाव्याचाच असून तो ८ मिमी. छाटता आला, तर तयार पृष्ठ दोरीपासून १६ मिमी.वर येते आणि जाडी वर १४, मध्ये १० व खाली १८ मिमी. एवढीच होते. आठ मिमी. जाडी वाचल्याने प्रत्येक चौ.मी. मागे सु. १६ किग्रॅ. भार कमी होतो आणि अरुंद स्नानगृहात तेवढी जागाही वाचते. म्हणून खड्डे भरण्यापूर्वी उंचवटे काढावेत, हा या कामाचा पहिला नियम समजतात. मात्र फुगवटा काँक्रीटच्या स्तंभाचा असेल, तर तो छाटू नये. त्यामुळे सळयांवरील संरक्षक आवरण कमी होऊन त्या गंजू लागतात.

जुने थर काढणे : काम सुरू करण्यापूर्वी वीजप्रवाह व पाणी बंद करतात आणि निचऱ्याची तोंडे चिंध्यांनी किंवा गोणपाटाने बुजवितात, अन्यथा मलबा नळात जाऊन तो तुंबतो. जुनी फरशी, तिच्यामागील सुटा चुना-सिमेंट, रंग, डिस्टेंपर आणि निरूचा गुळगुळीत थर हे सर्व काढून टाकावे लागते. तैलरंगावर किंवा निरूवर चिकटविलेली फरशी भिंतीला नव्हे, तर त्या रंगाला चिकटलेली असते आणि रंग सुटला की तीही सुटते.

अलीकडे खोल्यांच्या भिंतींना जिप्समचा गिलावा करण्याची पद्धत पुण्यात रूढ झाली आहे. तो स्नानगृहात मुळीच चालत नाही. जिप्सम पाण्याने मऊ होते. शिवाय ओलसर स्थितीत त्याचा सिमेंटमधील ॲल्युमिनेटांशी संयोग होऊन एट्रिंजाइट हे अधिक आकारमानाचे संयुग बनते आणि ते दोहोंमधील पकड उचकटून टाकते. छतापर्यंत फरशी लावताना वरच्या भागात पूर्वीचे जिप्सम राहून गेल्यास तेवढ्याच फरश्या पुढे पडतात.

गुळगुळीत काँक्रीट व जुना घट्ट गिलावा यांवर छन्नीने जवळजवळ टाचे मारतात. हलक्या ठोकळ्यांवर खोल टाचे न मारता तारेच्या ब्रशाने भुकटी काढणे पुरेसे असते. या कामात उडणाऱ्या धुळीत सिलिका असते व ती फुप्फुसांस अपायकारक आहे. म्हणून कामगारांनी नाकातोंडावर योग्य गाळणीचा मुखवटा आणि डोळ्यांवर चष्मा वापरणे व भिंत अधूनमधून शिंपडून ओली ठेवणे इष्ट असते.

नळ आणि खाचा : गिलाव्यापूर्वी थंड व ऊन पाण्याचे नळ भिंतीत बसवून पूर्ण करतात. वीट निम्मी कापून जाईल अशी आडवी लांब खाच पातळ भिंतीत घेऊ नये. तिने भिंत दुर्बळ होते. खाचेत नळ पक्का बसवून दोन्ही बाजूंनी मसाला दाबून भरतात व वरून तारेची जाळी लावतात. खाचा बुजविण्यापूर्वी सर्व तोंडे बंद करून पंपाने नळांत पाण्याचा दाब निर्माण करतात. काही तास दाबमापकाचा काटा खाली आला नाही, तरच खाच बुजवितात. या चाचणीस लागणारा वेळ वाचविण्याचा मोह महागात पडतो. एका सैल जोडामुळे पुढे संपूर्ण भिंत फोडावी लागते.

ऊन व थंड पाणी मिसळणाऱ्या भिंतीतील झडपेची खोली तयार फरशीच्या पृष्ठापासून मोजावयाची असते, वीटकामापासून नव्हे. गिलावा, लेप, आसंजक व फरशी यांच्या जाड्यांची बेरीज आधी केली नाही, तर झडप एकतर फरशीच्या बाहेर येते किंवा इतकी आत जाते की वरची मूठ बसत नाही. झडपेवरील प्लॅस्टिकच्या टोपणावर कमाल व किमान खोलीच्या खुणा असतात, त्या पाळाव्यात.

गिलावा : भिंत आदल्या दिवशी भिजवून गिलाव्याच्या वेळी ओलसर, पण पाणी न ठिबकणारी ठेवतात. काँक्रीटवर सिमेंट, वाळू व बहुवारिकयुक्त द्रव यांचा पातळ खरखरीत थर प्रथम शिंपडतात. वीट व काँक्रीट यांच्या सांध्यावर दोन्ही बाजूंना सु. १५ सेंमी. जाईल अशी तारेची जाळी खिळ्यांनी पक्की करतात. गवंडी तिला चिकन मेश म्हणतात.

यानंतर ओळंबा व दोरी यांच्या साहाय्याने भिंतीवर सु. दीड ते दोन मीटर अंतरांवर मसाल्याचे छोटे ठोकळे करून त्यांची तोंडे एका पातळीत आणतात. पट्टीची लांबी दोन ठोकळ्यांमधील अंतरापेक्षा जास्त असली पाहिजे. वरखालच्या ठोकळ्यांमधील जागा भरून उभ्या पट्ट्या तयार करतात व त्यांना टेकवून सरळ पट्टी ओढत मधला भाग भरतात. पृष्ठाची अचूकता या ठोकळ्यांवरच ठरते. ते नीट लावण्यास गेलेला अर्धा दिवस वाया गेला असे समजू नये.

मसाल्यात सिमेंट व वाळू यांचे प्रमाण वीटकामावर सामान्यतः १ : ४, तर हलक्या ठोकळ्यांवर १ : ५ ते १ : ६ ठेवतात. नदीची वाळू दुर्मिळ झाल्यामुळे पुण्यात बेसाल्ट दळून केलेली कृत्रिम वाळू वापरली जाते. तिच्यात दगडाची भुकटी जास्त असल्यास मसाल्यास पाणी अधिक लागते आणि गिलाव्यावर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक भेगा पडतात. म्हणून ती चाळलेली व शक्यतो धुतलेली असावी. पाणी घातल्यापासून अर्ध्या तासात संपेल एवढाच मसाला कालवितात. घट्ट होऊ लागलेला मसाला पुन्हा पाणी घालून वापरू नये.

एका थराची जाडी १२ ते १५ मिमी.पेक्षा फारशी जास्त ठेवीत नाहीत. जाड थर स्वतःच्या भाराने खाली घसरतो, मध्ये फुगतो आणि वाळताना जास्त आकसतो. अधिक जाडी हवी असल्यास पहिल्या थरावर नागमोडी खरवडे काढून व तो किमान एक दिवस घट्ट होऊ देऊन दुसरा थर देतात. एकूण जाडी सु. ३० मिमी.च्या पुढे जात असल्यास मध्ये जाळी घालणे आवश्यक ठरते. अंतिम पृष्ठ लाकडी रंध्याने एकसारखे पण खरखरीत ठेवतात. त्यावर सिमेंटची घोटाई करीत नाहीत.

गिलावा सात दिवस ओला ठेवावा लागतो. पुण्याच्या कोरड्या उन्हाळ्यात बंद खोलीतील गिलावाही काही तासांत पांढरा पडतो. त्या ऋतूत दिवसातून तीन-चार वेळा पाणी मारावे. पाणी मारणे थांबविल्यावर गिलाव्यास वाळण्यास व आकसून घेण्यास काही दिवस द्यावेत. गिलावा केल्यापासून फरशी लावेपर्यंत एकंदर दोन आठवडे जाणे सामान्यतः योग्य असते. ताज्या गिलाव्यावर लावलेल्या मोठ्या फरश्या गिलाव्याच्या आकुंचनामुळे एकमेकींवर दाबल्या जाऊन काही काळाने उचलल्या जातात.

जलाभेद्य थर : गिलावा तयार झाल्यावर जमीन व भिंत यांच्या कोनात मसाल्याचा गोलावा, म्हणजे वाटा, करतात. काटकोनात लेप ताणला जाऊन फाटतो. गोलाव्यावर तो अखंड राहतो. नंतर सिमेंट व बहुवारिक यांचा लेप ब्रशाने दोन हातांनी, एक आडवा व दुसरा उभा असा देतात. कोपरे, नळांची तोंडे व निचऱ्याची जाळी यांच्याभोवती लेपात काचतंतूंचे कापड बसवितात. जमिनीवरील लेप सर्व भिंतींवर सु. ३० सेंमी.पर्यंत आणि फवाऱ्याच्या भिंतींवर फवाऱ्याच्या वरपर्यंत, म्हणजे सु. २·१ मी. उंचीपर्यंत नेतात.

लेप वाळल्यावर निचरा बंद करून जमिनीवर पाणी साठवितात व ते २४ ते ४८ तास तसेच ठेवून खालच्या मजल्यावरील छत तपासतात. ही चाचणी खालच्या कुटुंबास आधी सांगून त्यांच्या उपस्थितीत करणे चांगले. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार सदनिकेतील शौचालय, मोरी इत्यादींमुळे होणाऱ्या अंतर्गत गळतीच्या दुरुस्तीचा खर्च संबंधित सभासदाने करावयाचा असतो. अशी गळती हे शेजाऱ्यांमधील दीर्घकाळ चालणाऱ्या वादांचे एक नेहमीचे कारण आहे. छतातून झिरपणाऱ्या पाण्याने केवळ रंग जात नाही; काँक्रीटमधील सळया गंजतात, गंजाचे आकारमान मूळ लोखंडापेक्षा अधिक असल्याने काँक्रीट फुटते आणि खालच्या खोलीत ढलप्या पडतात. एका घरातील अपुरी पूर्वतयारी अशा रीतीने दुसऱ्या घरातील माणसांना धोका निर्माण करते.

गुळगुळीत लेपावर पारंपरिक सिमेंट मसाल्याची पकड दुर्बळ असते. त्यामुळे दुसरा हात ओला असताना त्यावर कोरडी जाड वाळू उडवितात किंवा लेपाशी जुळणारा आसंजक वापरतात. लेप दिल्यावर भिंतीत खिळा ठोकणे, नवी खाच घेणे किंवा वाळू-सिमेंटची गोणी लेपावर ओढत नेणे टाळावे.

फरशी लावतानाची दक्षता : पाण्याच्या नळीने सर्व भिंतींवर एकाच पातळीची आडवी रेषा आखतात व तिच्यावरून फरश्यांच्या ओळी ठरवितात. जमिनीस निचऱ्याकडे १ : ८० ते १ : ६० असा उतार असल्याने खालची ओळ जमिनीवरून सुरू केल्यास ती तिरपी होते. म्हणून दुसऱ्या ओळीच्या खालच्या कडेस सरळ पट्टी ठोकून तिच्यावरून काम सुरू करतात आणि तळची ओळ शेवटी कापून बसवितात. ही पट्टी ठोकावयाची असल्यास तिची छिद्रे नंतर लेपाने बुजविणे विसरू नये. शक्य तेथे ती टेकूंवर उभी करणे अधिक चांगले.

दहा टक्क्यांहून अधिक पाणी शोषणारी सच्छिद्र पाठीची फरशी सिमेंटवर लावताना आधी पाण्यात भिजवितात. काचीभूत फरशीचे जलशोषण ०·५ टक्क्यापेक्षा कमी असल्याने सिमेंट तिच्या छिद्रांत शिरू शकत नाही. तिच्यासाठी बहुवारिकयुक्त आसंजकच वापरावा लागतो. आसंजकांचे वर्गीकरण आय्. एस्. १५४७७ या भारतीय मानकात, तर फरश्यांचे आय्. एस्. १५६२२ या मानकात दिलेले आहे. आसंजक दातेरी थापीने भिंतीवर एकाच दिशेने पसरतात आणि मोठ्या फरशीच्या पाठीवरही त्याचा पातळ हात देतात. फरशीच्या पाठीवर मसाल्याचे चार-पाच गोळे ठेवून ती भिंतीवर दाबण्याची रीत वेगवान व असमतल भिंतीस सोयीची वाटते. परंतु गोळ्यांमधील पोकळीत पाणी साठते, आघाताने फरशी तडकते आणि वजनदार फरशी सुटून पडण्याचा धोका राहतो. भिंतीचा दोष आसंजकाच्या जाडीने भरून काढणेही योग्य नाही. त्याची जाडी उत्पादकाने दिलेल्या मर्यादेतच असली पाहिजे.

फरश्यांमध्ये २ ते ३ मिमी. दर्ज ठेवून ती योग्य मसाल्याने भरतात. दोन भिंतींचा कोपरा व भिंत-जमिनीचा सांधा मात्र कडक मसाल्याने न भरता सिलिकोनसारख्या लवचिक द्रव्याने भरतात, कारण तेथे दोन पृष्ठे थोडी हलत असतात. हा सांधा काही वर्षांनी पुन्हा भरावा लागतो. कूपनलिकेचे क्षारयुक्त पाणी वापरणाऱ्या घरांत फरश्यांवर पांढरे थर बसतात. ते काढण्यासाठी तीव्र अम्ल वापरल्यास दर्जांतील सिमेंट झिजते आणि पाण्यास वाट मिळते.

कालावधी व क्रम : लहानशा स्नानगृहाच्या फवाऱ्याकडील भिंतींचे फोडकाम, नळ, दाबचाचणी, गिलावा, त्याचे पाणी, लेप, पाणी साठविण्याची चाचणी आणि फरशी या क्रमाने काम केल्यास साधारणतः तीन ते चार आठवडे लागतात. यांपैकी बराच काळ गवंडी प्रत्यक्ष काम करीत नसतो. थर वाळत किंवा मुरत असतात. घरमालकाला हे दिवस रिकामे वाटतात आणि एकच स्नानगृह असलेल्या कुटुंबाची या काळात गैरसोयही होते. घाईने वगळले जाणारे टप्पे मात्र ठराविकच असतात : दाबचाचणी, गिलाव्याचे पाणी आणि पाणी साठविण्याची चाचणी. पुढे निर्माण होणाऱ्या बहुतेक दोषांचा उगम या तीन टप्प्यांत सापडतो. कामाचा करार करतानाच हे टप्पे व त्यांचे दिवस लिहून घेतल्यास आणि प्रत्येक थर झाकण्यापूर्वी त्याची व नळांच्या मार्गांची मापांसह छायाचित्रे घेऊन ठेवल्यास पुढील दुरुस्ती सोपी होते. फरशीची निवड आवडीवर सोडता येते. तिच्यामागील भिंतीची तयारी मात्र मोजमाप व चाचणी यांवरच आधारलेली असावी लागते.